चार ओळी कमी

सहा वाजता फाटक उघडते मी.
उंच टाचांचे जोडे इथंच काढा,
च्युइंगम या डब्यात,
दगड अजून तापलाय, लगेच टेकू नका.
एकोणीस उन्हाळे हेच म्हणते आहे.
माझंही पाठांतर एक.

या टेकडीखाली एकेकाळी समुद्र होता.
नदीनं गाळ आणून आणून त्याला मागं रेटलं.
जहाजांच्या गोदीत आता कासवं,
आणि बंदराच्या जागी
आमच्या कातोखी गावचा मका, डास, बेडूक.
नट पहिल्या दिवशी हसतात बेडकांना.
दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर आवाज चढवायला शिकतात.

खालच्या बाकांवर अक्षरं कोरलेली आहेत.
लोक नेमके त्यांच्यावरच बसतात.
अथेन्सच्या एका बाईंनी गुडघ्यांवर बसून
वाचून दाखवलं होतं मला:
अमका, अमक्याचा गुलाम, आजपासून मोकळा.
पुढं साक्षीदार.
नाटकाच्या जागी लिहिलं, म्हणजे चारचौघांत राहील,
उद्या कुणाला शब्द फिरवता यायचा नाही.
त्या अक्षरांतलं च्युइंगम मी बांबूच्या काडीनं उकरते.
सुरी चालत नाही. नियम आहे.

राजे येतात, राण्या येतात,
मला त्यांचं फारसं काही नाही.
मी थांबते निरोप्यासाठी.
मरण दाराआड होतं, ते कुणी दाखवत नाही.
मग धुळीनं माखलेला एक साधा माणूस येतो,
ज्याला नावही दिलेलं नाही,
आणि उभ्या उभ्या ऐंशी ओळी सांगतो:
घोडे कुठल्या बाजूला वळले, ऊन कुठं होतं,
पोराचा हात कशाला धरू बघत होता.
आई ऐकत असते.
तिला सगळं मिळतं, शेवटच्या धुळीपर्यंत.

मला पेरामाच्या जहाजकारखान्यातून फोन आला होता.
खारिलाओस गेला. क्रेन. या.
मी चुलीवरचं दूध उतरवायला वळले
तेवढ्यात फोन ठेवलाही त्यांनी.
ऊन कुठं होतं, अजून माहीत नाही मला.

यंदाचा निरोप्या आग्रिनियोचा पोरगा, प्रोद्रोमोस.
दुपारी त्याला ताप होता, मीच लिंबूपाणी दिलं.
रात्री तो चाळिसाव्या ओळीवर होता
आणि वीज गेली.
दिवे गेले, माईक गेले,
राणी कुठं, दार कुठं, काही दिसेना.
अशा वेळी माझं काम ठरलेलं:
बॅटरी लावायची, पायऱ्या दाखवायच्या,
लोकांना रांगेनं खाली आणायचं.
अंगठा बटणावर होता.
पोरगा थांबला. घोट गिळलेला ऐकू आला,
अगदी वर, जिथं मी उभी होते तिथं.
मग त्यानं तसाच अंधारात
आवाज न चढवता
पुढचा शब्द ठेवला दगडावर.
बेडूक चालूच होते.
कुणी उठलं नाही.
मी बटण दाबलं नाही.
वरिष्ठांना सांगितलं, सेल संपले होते.

सगळे गेल्यावर मी काडी घेऊन खाली बसले.
तो तोंड धुऊन आला, कॉलरवर अजून नाटकातली धूळ.
“मागं ऐकू आलं का, लाम्ब्रिनी मावशी?”
“आलं. ओळी गाळल्यास.”
“तीन,” तो ओशाळून म्हणाला.
“चार.”
त्यानं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.
“चौथी कुठली?”
“अगदी सुरुवातीची. दिवे होते तेव्हाच.
सांगायला तोंड उघडण्याआधी
तो तिला म्हणतो ना,
बाई, आधी खाली बस.”

“ती होय,” तो म्हणाला, “ती तर एवढीशी आहे.”

मी सरकून जागा केली त्याला.
अक्षरं वाचवून.
उद्या शनिवार, दुसरा प्रयोग आहे.